पफ मारून घेताय? स्क्वेअर फुटाचा रेट नंतर, आधी किलो विचारा

पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम, ऊन अडवायला पत्र्याला, गच्चीला, कोल्ड रूमला मशीननं फवारतात तो. एप्रिल लागला की माझ्याकडं फोन सुरू होतात. जालन्याच्या बियाण्यावाल्यांचे, वाळूजच्या शेडवाल्यांचे, लातूरच्या दालमिलवाल्यांचे, परवा तर भूमहून एका दूधवाल्याचा आला. सगळ्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, पफ मारायचाय, स्क्वेअर फुटाला काय रेट?" मी विचारतो किती एमएम, डेन्सिटी कोणती, गॅस कोणता, तर समोरून, "ते तुम्हीच बगा, रेट सांगा." मग हा माणूस तीन जणांकडून रेट घेतो, सगळ्यात कमी वाला पकडतो, आणि दोन वर्षांनी तेच शेड परत तापायलंय म्हणून फोन करतो. म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून काढतो, म्हणजे मालकांनाही कळेल आणि नवीन पोरं जी मशीन घेऊन कॉन्ट्रॅक्टर व्हायलीत त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी हे काम कसं करतं ते. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात उन्हाळ्यात गार वाटायचं, आठवतंय ना? लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काड्या आणि वर हातभर पांढरी माती. ती माती काही फार भारी इन्सुलेशन नव्हती, तिचं काम वजनावर चालायचं. एका चौरस मीटरवर चारशे-पाचशे किलो माती, ती तापायलाच दुपार जायची, आणि ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळायचा, मग आपण बाज उचलून बाहेर अंगणात. पफचं अगदी उलटं आहे. ५० एमएम पफ म्हणजे चौरस मीटरला जेमतेम दोन किलो, हाताला काही लागतच नाही, पण त्यात करोडो बारीक बंद पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत गॅस कोंडलेला असतो. उष्णता अडवतो तो हा गॅस. प्लास्टिक फक्त त्याला धरून ठेवायचं काम करतं.

क्लोज्ड सेल आणि ओपन सेल हा फरक इथंच येतो. ओपन सेलमधे पेशी फुटलेल्या असतात, स्पंजासारख्या, त्यात साधी हवा असते, घनमीटरला आठेक किलो वजन (यालाच डेन्सिटी म्हणतात), आवाज छान शोषतो, स्वस्त पडतो, पण पाणी पितो आणि वाफही आरपार जाऊ देतो. क्लोज्ड सेलमधे नव्वद टक्क्यांच्या वर पेशी बंद असतात, वजन साधारण ३२ किलोपासून पुढं, गच्चीवर मारायचा असेल तर ४० ते ५५. कोल्ड रूम, पत्र्याचं शेड, गच्ची, जिथं पाण्याचा किंवा घामेजल्या पत्र्याचा संबंध येतो तिथं क्लोज्डच. ओपनचा विषय इथंच सोडतो, आपल्या कामात तो फारसा येत नाही.

तयार कसा होतो ते थोडक्यात. दोन ड्रम असतात. एकात आयसो, म्हणजे एमडीआय नावाचं तपकिरी केमिकल. दुसऱ्यात पॉलिओल, आणि त्यातच फुगवणारा गॅस, रिअॅक्शनला वेग देणारं कॅटॅलिस्ट, आग रोखायचं केमिकल सगळं मिसळलेलं असतं. मशीन दोन्ही गरम करून, हजार पीएसआयच्या वरच्या प्रेशरनं, सारख्या मापात, म्हणजे एकास एक, गनपर्यंत आणतं आणि गनच्या तोंडाशी दोघांची गाठ पडते. दोनचार सेकंदात ते तीसेक पट फुगतं आणि मिनिटभरात कडक. इथं एक गोष्ट नवीन पोरांनी डोक्यात फिट करून घ्या, अमेरिकेतल्या कागदावर ए बाजू म्हणजे आयसो असते आणि युरोपच्या पद्धतीत बरेचदा ए म्हणजे पॉलिओल, त्यामुळं साइटवर ए-बी बोलूच नका, आयसोचा ड्रम आणि पॉलिओलचा ड्रम असंच म्हणायचं. पंप चुकीच्या ड्रममधे गेला की होज, गन सगळं आतून जाम होतं, एका सेकंदाच्या चुकीला लाखाचा फटका.

आता गॅस, कारण प्रॉडक्ट-प्रॉडक्टमधला खरा फरक सगळ्यात जास्त इथं आहे. साध्या स्थिर हवेचा के व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती जाऊ देते त्याचं माप, ०.०२६ च्या आसपास. चांगला क्लोज्ड सेल पफ ०.०२२ ते ०.०२५ देतो, म्हणजे हवेपेक्षाही कमी, कारण आत हवा नसतेच, हवेपेक्षा मंद गॅस असतो. के जितका कमी तितकं चांगलं, ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं डेटाशीट, म्हणजे कंपनीचा मापांचा कागद, वाचता येतं. पूर्वी आपल्याकडं सगळीकडं एचसीएफसी-१४१बी हा गॅस चालायचा, कामाला लई सोपा होता, पण ओझोन खातो म्हणून भारत सरकारनं १ जानेवारी २०२० पासून त्याची आयात बंद केली. मग मुख्य अशा तीन वाटा उरल्या.

पहिली वाट पाण्याची. पॉलिओलमधे थोडं पाणी घालतात, ते आयसोशी रिअॅक्शन करून कार्बन डायऑक्साइड तयार करतं आणि त्यानंच फोम फुगतो. स्वस्त, पर्यावरणालाही बरं. पण कार्बन डायऑक्साइड पेशीच्या भिंतीतून लवकर निसटतो आणि त्याच्या जागी हवा येते, त्यामुळं के व्हॅल्यू सुरुवातीलाच जास्त असतो आणि पुढं आणखी वाढतो. दुसरी वाट एचएफसीची, २४५एफए वगैरे. के मस्त, पण पृथ्वी तापवायच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या साधारण हजार पट. किगाली करारात आपला देश २०२१ मधे सामील झालाय आणि त्याप्रमाणं २०३२ पासून हे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचेत, म्हणजे ज्याला पुढची दहा-पंधरा वर्षं धंदा करायचाय त्यानं यावर मशीन आणि हात बसवून घेण्यात काही अर्थ नाही. तिसरी वाट एचएफओ. हनीवेलनं आणलेला सोल्स्टिस एलबीए आणि केमोर्सचा ऑप्टिऑन ११०० ही त्यातली दोन मोठी नावं. के व्हॅल्यू एचएफसीच्या तोडीचा किंवा थोडा सरसच, आणि पृथ्वी तापवायचं माप एक-दोनवर आलेलं. फक्त महाग, आणि उन्हाला फार हळवा, त्यावर पुढं सविस्तर सांगतो. माझं मत विचाराल तर कोल्ड रूमला एचएफओ घ्या, तिथं चोवीस तास कॉम्प्रेसर चालतो आणि के मधला प्रत्येक पॉइंट वीजबिलात दिसतो. साध्या शेडला बजेट नसेल तर पाण्याचा घेऊन दहा एमएम जास्त मारा, चालतंय.

बरं, मग डेटाशीट समोर आलं की काय बघायचं? मोठमोठी नावं घेऊ, हंट्समनचा हीटलॉक, बीएएसएफचा वॉलटाइट, जॉन्स मॅनविलचा कॉर्बॉन्ड, ही तिकडं अमेरिका-कॅनडातली नावाजलेली प्रॉडक्ट्स. त्यांची कागदं शेजारी शेजारी ठेवली तर डेन्सिटी सगळ्यांची ३२ च्या मागंपुढं, बंद पेशी सगळ्यांच्या ९० टक्क्यांवर, आर व्हॅल्यू (उष्णता किती अडवतो त्याचं माप, जास्त तितकं चांगलं) इंचाला सहा-सातच्या आसपास. म्हणजे ब्रँडा-ब्रँडात फरक किती, तर दहा टक्क्यांच्या आतबाहेर. आता ५० एमएम ठरलेलं असताना मारणाऱ्यानं ४० मारला तर किती गेलं? वीस टक्के. हे गणित मी प्रत्येक मालकाला सांगतो, कारण लोक ब्रँडवर दोन-दोन तास भांडतात आणि जाडी मोजायला दोन मिनिटं शिडीवर चढत नाहीत.

तरी कागद वाचताना तीन ठिकाणी नीट बघा. एक, के व्हॅल्यू ताजा दिलाय का मुरलेला. ताज्या फोमचा आकडा ०.०२० सुद्धा येतो, पण हळूहळू गॅस थोडा बाहेर आणि हवा थोडी आत असं होऊन तो ०.०२४-०.०२५ वर जाऊन स्थिरावतो. आपल्याला छप्पर पंधरा वर्षं वापरायचंय, त्यामुळं मुरलेलाच आकडा धरायचा, आणि एकाचा ताजा, दुसऱ्याचा मुरलेला अशी तुलना कधीच करायची नाही. दुसरं, तो आकडा कुठल्या सरासरी तापमानाला मोजलाय. काही कागदांवर १० डिग्री असतं, काहींवर २४. फोम जसा गरम होतो तसा के वाढतो, आणि मे महिन्यात परभणीच्या पत्र्याखाली फोमचं सरासरी तापमान ५० च्या घरात असणार, म्हणजे १० डिग्रीचा आकडा आपल्या कामाचा नाहीच. २४ किंवा त्याच्या वरचा मागायचा. टेस्ट आपल्याकडं आयएस ३३४६ प्रमाणं होते, रिपोर्टवर ते आणि तारीख बघा. तिसरं, कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ, म्हणजे दाब किती सोसतो. पत्र्याच्या खालून मारायचा असेल तर ३२-३५ डेन्सिटी पुरते, पण गच्चीवर मारायचा आणि वर माणसं चालणार, बायका कुरडया-पापडाचं वाळवण घालणार, पाण्याच्या टाकीवाला चढणार, तर ४५ च्या खाली जाऊच नका, टाचेनं खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यात पाणी थांबतं.

जाडी किती घ्यायची यावर पण लोक गोंधळतात, म्हणून ढोबळ हिशोब करून दाखवतो. समजा पत्रा ६५ डिग्रीला तापलाय आणि आत ३५ आहे, म्हणजे फरक ३० चा. नुसता पत्रा असेल तर चौरस मीटरमागं पावणेदोनशे वॅटच्या वर उष्णता खाली उतरते, म्हणजे दर चार बाय चार मीटरच्या चौकोनात तीन किलोवॅटची शेगडी पेटवून उलटी टांगल्यासारखं. २५ एमएम पफ मारला की ते २६ वॅटवर येतं. ५० ला १४. ७५ ला साडेनऊ. १०० ला सात. बघा, पहिल्या इंचात सगळं मैदान मारलं, दुसऱ्या इंचात चांगला फायदा, आणि त्यानंतर पैसे तेवढेच लागतात पण हाताला कमी लागतं. म्हणून माणसं काम करतात अशा शेडला ४०-५० एमएम मी बास म्हणतो. कोल्ड स्टोरेज वेगळं, तिथं आत २ डिग्री आणि बाहेर ४३, आणि तो फरक रात्रंदिवस, त्यामुळं १०० किंवा त्याच्या वर लागतोच, मोसंबी ठेवा नाहीतर बियाणं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, किलो. पफचं बिल स्क्वेअर फुटावर होतं, पण माल ड्रममधे किलोवर येतो, आणि किलो लपवता येत नाही. एरिया गुणिले जाडी गुणिले डेन्सिटी, एवढंच. उदाहरण घ्या, ४००० स्क्वेअर फूट म्हणजे ३७२ चौरस मीटर. पत्रा नालीदार, त्याच्या नळ्या उलगडल्या तर खरा एरिया पंधराएक टक्के जास्त भरतो, धरा ४२८. त्याला ५० एमएम म्हणजे ०.०५, झाले २१.४ घनमीटर. ४० च्या डेन्सिटीनं ८५६ किलो. वर दहा टक्के उडणं-वाया जाणं धरा, साधारण ९४० किलो. आयसो आणि पॉलिओलच्या ड्रमची एक जोडी साधारण ४७० किलोची भरते. म्हणजे या कामाला दोन जोड्या लागणारच, याच्या कमीत कोणाच्याही हातानं होत नाही.

मी हे पाठ केलंय ते अशाच एका कामानं. जालन्यात बियाण्याच्या गोदामाचं काम, साधारण एवढंच, मालक माझ्या ओळखीचे, त्यांनी काम दुसऱ्याला दिलं होतं आणि शेवटचं बिल द्यायच्या आधी मला म्हणले एकदा चक्कर मारून जा. गेलो. वर बघितलं तर सगळं छान एकसारखं पिवळसर पांढरं दिसायलंय, कुठं डाग नाही. मारणारा पोरगा म्हणला, "डोळ्यानं बगा की साहेब, एक कोपरा सुटला नाही." खरंच सुटला नव्हता. पण गोदामाच्या मागं रिकामे ड्रम किती, तर दोन. एक आयसोचा, एक पॉलिओलचा. तिथंच पोटात धस्स झालं. शिडी लावली, सायकलच्या स्पोकला टेप गुंडाळून केलेली सुई माझ्या खिशात असतेच, ती दहा-बारा ठिकाणी टोचली. २८, ३२, ३०, ३१, एका पट्टीजवळ ३५, कोपऱ्यात २५. ठरलं होतं ५०. मग ब्लेडनं दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा कापला, पत्र्यापर्यंत, आणि रुमालात गुंडाळून मालकासोबत सराफ्यात गेलो, कारण ग्रॅमवर वजन करायला तिथल्यासारखा काटा कुठंच मिळत नाही. सोनारकाकांनी आधी हातात घेऊन बघितला, हे काय आणलं म्हणून, मग काट्यावर ठेवला. दहा ग्रॅम. एक तोळा.

आता हिशोब बघा. दहा बाय दहा बाय पाच सेंटीमीटर म्हणजे ५०० घनसेंटीमीटर, ४० च्या डेन्सिटीला त्याचं वजन २० ग्रॅम यायला पाहिजे. दोन तोळे. पैसे दोन तोळ्याचे, माल एक तोळ्याचा. जाडी तीन सेंटीमीटर आणि डेन्सिटी ३३ निघाली, दोन्हीकडून मारलं होतं. मालकांना हे के व्हॅल्यूचं सगळं मी आधी चारदा सांगून बघितलं होतं, डोक्यावरून जायचं, पण तोळ्याचं एका सेकंदात कळलं. उरलेला वीस एमएम त्या माणसाकडून नंतर मारून घेतला, रेट न वाढवता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. कामाच्या आधी भरलेल्या ड्रमचे, त्यावरच्या लेबलचे, बॅच नंबर आणि तारखेचे फोटो. काम झालं की रिकामे ड्रम मोजायचे. शंभर चौरस मीटरला दहा ठिकाणी सुई. तीन तुकडे कापून काट्यावर. तुकड्यात पत्र्याजवळची आणि वरची कडक साय पण येते, तिचं वजन थोडं जास्त भरतं, त्यामुळं वजन ठरल्यापेक्षा किंचित जास्तच यायला पाहिजे, कमी तर नाहीच नाही. तुकडा पाण्यात टाकून रात्रभर दाबून ठेवा, सकाळी पुसून परत वजन करा, चांगल्या क्लोज्ड सेलमधे कापलेल्या कडांना चिकटलेलं पाणी सोडलं तर आत काही शिरत नाही. आणि तुकडा मोडून बघा. बिस्किटासारखा भुगा होत असेल तर आयसो जास्त गेलाय. बोटानं दाबल्यावर चिकट, रबरासारखा लागतो आणि माशासारखा वास मारतो, तर पॉलिओल जास्त गेलाय, तो पुढं आखडून पत्रा सोडतो. दोन्ही केसमधे त्यावर दुसरा थर मारून झाकायचं नाही, खरवडून काढायचं आणि नवीन मारायचं.

आता आपल्या ऊन-वाऱ्याचं. कागदावरचं प्रॉडक्ट कितीही भारी असू द्या, दुपारी दोनला तापलेल्या पत्र्यावर मारलं तर फुकट. फोम पत्र्याला धरायच्या आतच फुगून उभा राहतो, खाली पोकळी राहते, आणि दोन महिन्यांनी पट्ट्याच्या पट्ट्या लोंबायला लागतात. मे महिन्यात आमचं काम पहाटे साडेपाचला मशीन गरम करून सहाला सुरू, दहा-साडेदहाला बंद, मग काहीही होवो. डिसेंबर-जानेवारीत उलटं, सकाळी पत्रा थंडगार असतो, त्यावर पहिला थर फुगतच नाही, नुसता जड पापुद्रा बसतो आणि माल दीडपट जातो, तेव्हा ऊन वर येऊ द्यायचं. म्हणून चांगल्या कंपन्या एकाच प्रॉडक्टचे उन्हाळी आणि हिवाळी असे दोन ग्रेड ठेवतात, फरक फक्त रिअॅक्शनच्या वेगाचा. सप्लायरला विचारताना नुसतं नाव सांगू नका, तारीख आणि गाव सांगा. पावसाळ्यात पत्र्यावर दव असतं, डोळ्याला दिसत नाही पण हात फिरवला की कळतं, पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा तीन डिग्रीनं तरी वर पाहिजे, नाहीतर आयसो त्या पाण्याशीच रिअॅक्शन करत बसतो आणि फोम धरत नाही. आणि वारा असेल तर शेजारच्या गाड्या आधी हलवा, उडालेला थेंब गाडीच्या काचेवर बसला की तो जन्माचा बसतो.

ड्रमचं मात्र मन लावून ऐका, कारण आपल्याकडं माल साइटवर मरायच्या आधी गोदामातच मरतो. एचएफओमधला सोल्स्टिस १९ डिग्रीला उकळतो. ऑप्टिऑन ३३ ला. जुना १४१बी ३२ ला उकळायचा. आणि आपल्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात ४५ असतं. पॉलिओलमधे मुरवलेला असल्यामुळं तो लगेच उडून जात नाही, पण ड्रम फुगतो, आणि झाकण सटकन उघडलं की सोडा वॉटरसारखा फेस येऊन गॅस निघून जातो. गॅस गेला म्हणजे फुगणं कमी, फुगणं कमी म्हणजे जाडी कमी, आणि मग मारणारा म्हणतो मालच खराब. त्यात सोल्स्टिसवाल्या पॉलिओलमधे गॅस आणि कॅटॅलिस्ट यांचं एकमेकांशी फार काळ जमत नाही, ठराविक मुदतीनंतर रिअॅक्शन मंदावते, आणि उन्हात ही मुदत अजून घटते. म्हणून तयार केल्याची तारीख बघून घ्या, ड्रम २० ते २५ डिग्रीच्या खोलीत ठेवा, एसी लावायला लागला तरी लावा, आणि झाकण आधी थोडं सैल करून फुसफुस थांबू द्या, मग उघडा. ज्याच्याकडं एवढी सोय नाही त्यानं उन्हाळ्यात ऑप्टिऑनवाला माल घ्यावा, त्याला थोडं जास्त उन्ह सोसतं.

जाड थर एकदम मारायची घाई करू नका. रिअॅक्शनमधे आतून उष्णता तयार होते आणि पफ स्वतःच इन्सुलेशन असल्यामुळं ती बाहेर निघत नाही. दीड-दोन इंचाचा एक थर, मग हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. काही नवीन एचएफओ प्रॉडक्ट एका दमात जास्त जाडी मारू देतात, ते कागदावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. नाहीतर आतला गाभा करपतो, आणि छाटलेला ढिगारा कोपऱ्यात पडून तासाभरानं पेटल्याची उदाहरणं आहेत, म्हणून छाटण पसरून ठेवायचं, पोत्यात भरून ठेवायचं नाही.

आगीचं बोलतोय तर नीट बोलतो. पफ जळतो. फायर रिटार्डंट म्हणजे जळत नाही असं कोणी सांगत असेल तर तो माणूस तुम्हाला फसवतोय, रिटार्डंट फक्त पेटायला उशीर लावतं. दक्षिण कोरियात इचॉन इथं २००८ मधे कोल्ड स्टोरेजच्या गोदामाला आग लागून ४० माणसं गेली, आणि त्याच शहरात २०२० मधे बांधकाम चालू असलेल्या गोदामात परत ३८ गेली, दोन्हीकडं युरेथेन फोमच्या धुरानं पळायला वेळच दिला नाही. आपल्याकडं काय होतं, पफ मारून होतो आणि मग मालकाला आठवतं की फॅनचा हूक राहिला, मग वेल्डिंगवाला वर चढतो. ही सगळी वेल्डिंग, वायरिंग, सगळं आधी. पफनंतर वेल्डिंग नाही म्हणजे नाही. आणि माणसं बसतात-उठतात अशा जागी पफ उघडा ठेवायचा नाही, त्यावर साडेबारा एमएमचं जिप्सम बोर्ड नाहीतर प्लास्टर पाहिजे, म्हणजे आग लागली तर पंधराएक मिनिटं तरी हातात मिळतात. तो खर्च कोटेशनमधे धरलाय का नाही ते विचारा, बरेचदा कमी रेटचं गुपित तिथंच असतं.

मारणाऱ्या पोरांसाठी. बरेच जण विचारतात की हे आयसो म्हणजे भोपाळवालं का. नाही, १९८४ ला भोपाळमधे सुटलं ते मिथाइल आयसोसायनेट, फार लवकर उडणारं. एमडीआय त्याच खानदानातलं पण वेगळं, साध्या तापमानाला फारसं उडत नाही. पण गनमधून त्याची वाफ-धुकं होतं आणि ते छातीत गेलं की दमा लागू शकतो, आणि एकदा शरीरानं ते मनावर घेतलं की पुढं थोड्याशा वासानंही छाती भरून येते, मग हा धंदा कायमचा सुटतो. तोंडाला रुमाल बांधून मारणारी विशीतली पोरं मी बघतो तेव्हा जीव तुटतो माझा. बाहेरून स्वच्छ हवा आणणारा मास्क, पूर्ण अंगाचा सूट, हातमोजे, आणि काम झाल्यावर चोवीस तास त्या जागेत इतर कोणी नाही. ठेकेदाराकडं हा मास्क नसेल तर काम देऊ नका, रेट कितीही कमी असू द्या.

आणि पफ कुठं नको ते पण सांगतो. कांदा चाळीला नको, कांद्याला वारा पाहिजे. गंजलेल्या गळक्या पत्र्याला खालून नको, गळती थांबल्यासारखी दिसते पण पाणी मधे अडकून पत्रा आतल्या आत संपतो, आणि भोक कुठं ते शोधायची सोयही राहत नाही, आधी पत्रा बदला. साध्या दोन खोल्यांच्या घराला, बजेट तोकडं असेल तर आधी गच्चीला ऊन परतवणारा पांढरा कोट मारा, त्यात बराच फरक पडतो, पफचा विचार पुढच्या वर्षी. स्लॅबच्या घराला मारायचाच असेल तर वरून मारा, म्हणजे स्लॅब तापतच नाही आणि रात्री भट्टीसारखा खाली ओकत नाही. मात्र वरून मारलेला पफ उघडा राहिला की ऊन त्याला खातं, काही आठवड्यांत तपकिरी होऊन पीठ झडायला लागतं. त्यावर ऊन अडवणारा कोट त्याच आठवड्यात पाहिजे, आणि तो कोट दर काही वर्षांनी परत द्यावा लागतो. कावळे चोची मारतात, माकडं नखं लावतात, म्हणून कोटाच्या खाली जाळी टाकून घेतली तर अजून बरं.

तर कोटेशन मागताना वहीच्या पानावर एवढं लिहून द्या आणि तिघांनाही तेच पान द्या. एरिया एवढा, कमीत कमी जाडी एवढी, सरासरी नाही तर कमीत कमी, मारलेली डेन्सिटी एवढी, गॅस कोणता, मुरलेला के व्हॅल्यू २४ डिग्रीला किती, एकूण किती किलो माल येणार, वरचा कोट किंवा बोर्ड धरून का सोडून, आणि शेवटचे वीस टक्के तुकड्याचं वजन झाल्यावर. मग जे तीन आकडे येतील त्यांची तुलना होऊ शकते. एकाचा शंभर रुपये फूट आणि दुसऱ्याचा ऐंशी असेल, पण पहिला ९४० किलो आणणार आणि दुसरा ६०० म्हणत असेल, तर दुसरा महाग आहे, भागाकार करून बघा. जो किलो सांगायला टाळाटाळ करेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि हो, तपासायला जिथून तुकडे कापले ती भोकं त्याच दिवशी, मशीन गरम असतानाच भरून घ्या. कोल्ड रूममधे तर एकही विसरू नका, चार दिवसांत तिथं ओल धरते.